मलप्रभेच्या काठाने : कणकुंबी ते कूडलसंगम

आपल्या उद्यमबागेपासून खानापूर पंचवीसएक किलोमीटर. तिथल्या पुलावरून बँकेच्या नोकरीत आम्ही किती वेळा गेलो असू, त्याचा हिशेब नाही. पण ही मलप्रभा पुढे कुठे जाते, हा प्रश्न निवृत्त होईपर्यंत पडला नाही. तो पडला तेव्हा आम्ही चार जोडप्यांनी नदीच्या उगमापासून संगमापर्यंत जायचे ठरवले. एका दमात नव्हे, दोन खेपांत. मंडळातील अनेक जण आता विचारतात, म्हणून त्या अनुभवाची टिपणे इथे देत आहोत.

नदीची लांबी सुमारे ३०० किलोमीटर. उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, आणि शेवट बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेत. म्हणजे सह्याद्रीतल्या धुवांधार पावसात जन्मलेली नदी काळ्या मातीच्या कोरड्या मुलखात जाऊन संपते. प्रवासात हा फरक डोळ्यांना दिसतोच, पण कपडे, पाणी आणि औषधे यांनाही तो लागू पडतो.

कणकुंबीची खेप सोपी. जांबोटीमार्गे चोर्ल्याच्या रस्त्याने सकाळी निघून संध्याकाळी घरी. माउलीचे देऊळ आणि उगमाचे तीर्थ पाहायला तासभर पुरतो. भर पावसाळ्यात जाऊ नये. धुक्यात घाटरस्त्याचे वळण दिसत नाही आणि जळवा सोडत नाहीत. आम्ही दिवाळीनंतर गेलो. जेवण घरून न्यावे. ज्यांना वेळ असेल त्यांनी दुसऱ्या एखाद्या दिवशी हलशी करावी. कदंबांची ही जुनी राजधानी, तेव्हाची पलाशिका. भूवराह-नरसिंहाचे देऊळ आपल्या इतके जवळ असून बेळगावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलेले नाही.

दुसरी खेप डिसेंबरात, तीन दिवसांची. बेळगाव ते बदामी रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. थेट बस मिळाली तर उत्तम, नाहीतर यरगट्टी, रामदुर्ग असे तुकडे करावे लागतात. रेल्वेने जायचे तर हुबळी-गदगचा वळसा पडतो आणि बदामी स्टेशन गावापासून पाचएक किलोमीटर बाहेर आहे. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, तेव्हा आम्ही लाल बस धरली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, पण राज्यातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. आमच्याबरोबर कोल्हापूरहून आलेल्या वहिनींना तिकीट पडले आणि बाकीच्या तिघींना नाही. त्यावरून रामदुर्गपर्यंत थट्टा चालली होती.

वाटेत सौंदत्तीला यल्लमाचे दर्शन आणि नविलुतीर्थाचे धरण जमू शकते. मात्र मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. श्रद्धा असेल तर जरूर त्याच दिवशी जा, पण मग बदामीला त्या रात्री पोहोचण्याचा आग्रह नको.

आता आमची चूक. दुसऱ्या दिवशी आम्ही बदामीची लेणी, पट्टदकल आणि ऐहोळे अशी तिन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबली. कागदावर हिशेब बरोबर होता : बदामी ते पट्टदकल २२ किलोमीटर, पुढे ऐहोळे १३-१४. चढ, ऊन आणि वय त्या हिशेबात नव्हते. सकाळी लेण्यांच्या पायऱ्यांवर एका माकडाने आमच्यातल्या एकांच्या हातातली पिशवी ओढून नेली. आम्ही हसलो. त्या पिशवीत बिस्किटांचे दोन पुडे होते आणि ते गृहस्थ मधुमेही होते, हे हसताना कुणाच्या ध्यानात आले नाही. पट्टदकलला वेळ जास्त गेला, जेवण पुढे ढकलले, आणि दोनच्या सुमारास ऐहोळ्याच्या मेगुती टेकडीवरून उतरताना ते पायरीवर बसले. घामाने सदरा ओला, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. सकाळची गोळी घेतलेली, आणि पोटात आठ वाजताच्या दोन इडल्या.

आमच्या कुणाकडेही गोड काही नव्हते. टेकडीखाली एक बाई शेंगा विकत बसल्या होत्या. आम्ही जन्मभर कर्नाटकात राहिलेली, बँकेत कन्नड खातेदारांशी व्यवहार केलेली माणसे, आणि त्या क्षणी साखरेला कन्नडमध्ये काय म्हणतात ते आठवेना. ‘सक्करे’ हा शब्द जिभेवर यायच्या आतच त्या बाईंनी विचारले, ‘शुगर ऐतेन्री?’ आणि स्वतःच्या भाकरीच्या फडक्यातला गुळाचा खडा काढून दिला. वीस मिनिटांनी ते गृहस्थ स्वतःहून उठले. बाईंनी पैसे घेतले नाहीत. शेंगा मात्र आम्ही सगळ्या घेतल्या. संध्याकाळी बदामीत डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी साखर तपासली आणि आम्हा सर्वांना रागावले, ते योग्यच होते.

तेव्हापासून आमचा नियम असा : खडीसाखर प्रत्येकाच्या खिशात, पिशवीत नव्हे. औषधांची चिठ्ठी मोबाइलमध्ये आणि कागदावरही, शक्यतो इंग्रजीत, कारण तिथले औषध दुकानदार मराठी वाचत नाहीत. जेवण साडेबाराला, समोर कितीही मोठे देऊळ असले तरी. आणि दिवसाला एक चढ, दोन नाही. कन्नडचे चार शब्द घरातून निघताना घोकून जावे : नीरु म्हणजे पाणी, एष्टु म्हणजे किती, ‘दवाखाने एल्लि ऐति’ म्हणजे दवाखाना कुठे आहे. शब्दाच्या शेवटी ‘री’ लावला की बोलणे आदराचे होते. सीमाभागातल्या वादामुळे आपल्यातले काही जण तिकडे बोलायला बिचकतात. आम्हाला तीन दिवसांत कुणीही भाषेवरून वाकडे बोलले नाही.

काय पाहावे, तेही थोडक्यात. बदामीच्या चार लेण्यांपैकी पहिले शैव, दुसरे-तिसरे वैष्णव, चौथे जैन. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. गुडघे दुखत असतील तर पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज पाहून खाली यावे आणि अगस्त्य तीर्थाच्या काठाने भूतनाथाच्या देवळापर्यंत चालावे. ती वाट सपाट आहे. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कांचीच्या पल्लवांवरील विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने बांधवलेले विरूपाक्ष मंदिर वेरूळच्या कैलासाची आठवण करून देते, आणि तिथे पूजा आजही चालू आहे. त्यामागेच मलप्रभा. खानापूरच्या पुलाखालची हीच नदी इथे उत्तरवाहिनी झालेली पाहून आमच्या सौ. दहा मिनिटे काठावरून हलल्या नाहीत.

मेगुतीवर चढायचे ते रविकीर्तीच्या शिलालेखासाठी. इ. स. ६३४ चा हा लेख दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचा. ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर त्याने सत्ता मिळवल्याचा उल्लेख त्यात आहे, कालिदास व भारवी यांची नावेही आहेत. अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, तरी आपला उल्लेख तिथे आहे हे माहीत असले की पायऱ्या कमी वाटतात. सकाळी लवकर चढा. ऐहोळ्याच्या दुर्ग मंदिराचे नाव देवीवरून नाही, दुर्गावरून म्हणजे किल्ल्यावरून पडले आहे.

पैशांबाबत बँकवाल्याचा सल्ला : बदामीबाहेर मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका, पन्नास आणि शंभराच्या नोटा दोन वेगवेगळ्या खिशांत ठेवा. आमची एका लॉजवरची खोली फोनवर ठरलेली असून पोहोचल्यावर नाकारली गेली, कारण पावती नव्हती. आता आगाऊ रक्कम भरून संदेश मागवतो. पुराणवस्तू खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून निघा. खाण्यासाठी खानावळ बघावी : जोंधळ्याची भाकरी आणि भरली वांगी, ज्याला तिकडे एण्णेगाई म्हणतात.

तिसऱ्या दिवशी ऐहोळ्याहून जीप ठरवून अमीनगडमार्गे कूडलसंगमला गेलो. अमीनगडचा करदंट घ्यावा. गोकाकचा चांगला की हा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. कूडलसंगमला संगमेश्वराचे देऊळ आणि बसवेश्वरांचे ऐक्य मंडप आहे. कणकुंबीहून एका बाटलीत आणलेले पाणी आम्ही तिथे संगमात सोडले. परतीच्या बसची चौकशी पोहोचताच करावी.