चांगीच्या तुरुंगातील गोधड्या

गोधडीचा इतिहास सांगतो म्हटले की लोक हसतात. लढाया, तह, राज्यारोहणे हा इतिहास. जुनेराच्या तुकड्यांना कसला आलाय इतिहास! पण आज ज्या गोधड्यांविषयी मी बोलणार आहे, त्या एका महायुद्धाच्या पोटातच शिवल्या गेल्या.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. हजारो हिंदी सैनिकही त्या दिवशी कैद झाले. सैनिकांची गोष्ट निराळी. पण तिथे राहणाऱ्या गोऱ्या नागरिकांनाही जपान्यांनी चांगीच्या तुरुंगात नेऊन कोंडले. त्यात शिक्षिका होत्या, नर्सबाई होत्या, लेकुरवाळ्या होत्या. तुरुंग बांधलेला ६०० कैद्यांसाठी, आणि आत माणसे दोन हजारांच्या वर! बायकामुले सुमारे चारशे. त्यांना पुरुषांपासून वेगळे ठेवलेले. ज्यांचे नवरे सैन्यात, ते तर दुसऱ्याच छावणीत. आपला माणूस जिवंत आहे की नाही, एवढे कळण्याचीसुद्धा सोय नव्हती.

उपासमार माणूस एक वेळ सोसतो. हे न कळणे, आणि वर दिवसभर भिंतीकडे बघत रिकामे बसणे, हे मात्र मन पोखरून टाकते.

त्या बायकांत एथेल मुल्व्हानी नावाच्या एक कॅनेडियन बाई होत्या. रेडक्रॉसचे काम त्या करीत. त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा सहा इंची चौकोन द्यायचा. तिने त्यावर स्वतःचे असे काहीतरी भरायचे आणि खाली आपले नाव घालायचे. कापड कुठले? पोती आणि चादरी फाडून काढलेले. अशा ६६ तुकड्यांची एक गोधडी. तीन गोधड्या झाल्या: एक जखमी इंग्रज सैनिकांसाठी, दुसरी ऑस्ट्रेलियनांसाठी आणि तिसरी चक्क जखमी जपान्यांसाठी! तिसरी केल्यावर पहिल्या दोन बाहेर जाऊ देणे अधिकाऱ्यांना सोपे झाले असणार, हे उघड आहे. बाईमाणसाची ही मुत्सद्देगिरी आपल्या घरोघरी चालते, ती काय वेगळी?

कुणी फुले भरली, कुणी जहाज, कुणी घर, कुणी तुरुंगाची कोठडीच. काही लेखक प्रत्येक फुलापानात गुप्त निरोप शोधतात. मला त्याची फारशी गरज वाटत नाही. खालचे नाव हाच निरोप. सैनिकांच्या दवाखान्यात गोधडी पोचली, म्हणजे कुणीतरी ते नाव वाचणार, आणि अमक्याची बायको अजून आहे, हे कानोकानी जाणार.

शिक्षकबंधूंना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. त्याच तुरुंगात एलिझाबेथ एनिस या बाईंनी वीसेक मुलींचे गर्ल गाइड पथक चालविले होते. आपल्या बाईंच्या वाढदिवसासाठी त्या मुलींनी चोरून, चिंध्यांचे षट्कोनी तुकडे जोडून गोधडी करायला घेतली. प्रत्येकीने आपले नावही त्यात भरले. पाटी-पुस्तकांची वानवा असलेल्या जागी मुलींना आठवड्याच्या आठवड्याला एकत्र बसायला कारण मिळाले.

शिवणात असे काय असते? ज्यांनी धावदोरा घातला आहे त्यांना ते ठाऊक आहे. सुई पुढच्या टाक्यापलीकडे मनाला जाऊ देत नाही. आणि चौघी चार कडांना बसल्या, मान खाली, हात कामात, की जे तोंडासमोर सांगता येत नाही ते सहज सांगून होते. आपल्या अंगणातली वाकळ अशीच शिवली जाते. चांगीतल्या बायकांना आमची वाकळ ठाऊक नव्हती, पण ही रीत त्यांनाही सापडली.

बंदीवास १९४५ मध्ये संपला. गोधड्या मात्र टिकल्या. ऑस्ट्रेलियनांची आणि जपान्यांची आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे, तर इंग्रजांची ब्रिटिश रेडक्रॉसकडे. ऑस्ट्रेलियन गोधडीच्या पाठीवर बायकांनी लिहून ठेवले आहे की, युद्ध थांबल्यावर ही ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसला द्यावी. आणि त्याच्याच खाली, तुरुंगात असूनही, गृहिणीच्या काळजीने एक सूचना आहे: ही पाण्यात धुऊ नये, ड्रायक्लीन करावी!