दोन बोटांची सरगम

नव्यानं गिटार घेतलेल्या मुलांची एक तक्रार हमखास असते. ‘सर गाणं शिकवतच नाहीत, नुसते स्केल्स वाजवायला लावतात!’ घरात कुणी पेटी शिकलेलं असेल, तर ते गालातल्या गालात हसतं. कारण त्यांनीही महिनोन् महिने पलटेच घोटलेले असतात. स्केल म्हणजे सुरांचा चढता-उतरता क्रम. पाश्चात्त्यांचा मेजर स्केल म्हणजे ढोबळमानानं आपला बिलावल थाट. इतरांची साथ चालू असताना आयत्या वेळी सुचेल ते एकट्यानं वाजवायचं, म्हणजे सोलो वाजवायचा, तर सूर कुठे आहे हे शोधत बसायला सवड नसते. त्यासाठी हा रियाज.

गिटारची गंमत अशी, की पेटीवर एका सुराला एकच पट्टी असते, गिटारवर मात्र तोच सूर दोन-तीन तारांवर वेगवेगळ्या जागी सापडतो. मग कुठे वाजवायचा? सोय म्हणून सुरुवातीला चार बोटांना शेजारशेजारचे चार पडदे वाटून देतात. हात जागेवर राहतो, बोटं या तारेवरून त्या तारेवर जातात.

पण ज्याच्याकडे चार बोटंच नाहीत, त्यानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर एका तरुणानं पॅरिसमध्ये शोधलं. त्याचं नाव जँगो राइनहार्ट. जन्म १९१० चा, बेल्जियममधला. ज्यांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघाले, त्या भटक्या रोमा समाजातला हा मुलगा. घर म्हणजे चाकांवरची गाडी. पोरवयातच तो बँजो वाजवून पैसे मिळवू लागला होता.

१९२८ साली एका रात्री त्याच्या गाडीला आग लागली. बायकोनं विकण्यासाठी केलेली सेल्युलॉइडची फुलं आत होती. सेल्युलॉइड म्हणजे भडकायला क्षणाचाही अवकाश नाही. जँगो वाचला, पण अंग भाजलं आणि डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट आखडून गेलं. वय अवघं अठरा. बरं व्हायला सुमारे दीड वर्ष लागलं. त्या काळात धाकट्या भावानं, जोसेफनं, त्याला गिटार आणून दिली.

आता जरा विचार करा. चार पडदे, चार बोटं हा हिशेबच मोडला. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर आठ सूर चढायचे, तर हात एका जागी ठेवून भागत नाही. दोन सूर वाजवायचे की लगेच हात पुढे सरकवायचा. आडवा जाणारा स्केल त्याला दांडीवर उभा मांडावा लागला. आखडलेली बोटं तो कॉर्ड धरताना थोडीफार वापरी, पण सोलो मुख्यतः दोन बोटांचा. आणि त्यातूनच दांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरसर धावणाऱ्या त्याच्या ताना जन्मल्या. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सगळी भिस्त कानावर.

१९३४ साली पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांच्याबरोबर त्याचं पंचक उभं राहिलं. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही; एक व्हायोलिन, तीन गिटार आणि एक बास. गिटार तोवर बहुतेक बँडमध्ये मागे बसून ताल धरणारं वाद्य होतं. इथे ते पुढे येऊन बोलू लागलं. १९३७ सालचं त्यांचं ‘मायनर स्विंग’ मिळवून ऐका. दोन बोटं आहेत, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

१९५३ साली जँगो गेला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात गेला. वाजवणं संपलं असं धरून बसलेल्या त्या मुलाला कारखान्यातल्या फोरमननं एक रेकॉर्ड ऐकवली. ती जँगोची होती. मुलानं वितळवलेल्या प्लॅस्टिकची टोपणं बोटांना केली आणि पुढे ‘ब्लॅक सबाथ’ या बँडमधून रॉक संगीताला नवा, भारदस्त आवाज दिला.

मग शिक्षकांनी ठरवून दिलेली बोटं चुकीची का? मुळीच नाही. ती रुळलेली वाट आहे, आणि पहिल्यांदा चालताना वाट हवीच. पण स्केल बोटांत नसतो, तो कानात असतो. बोटं फक्त त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता शोधतात. घरात कुणी गिटार शिकत असेल, तर त्याला एवढंच सांगा. रोजचे पलटे झाले की शेवटची पाच मिनिटं एकाच तारेवर, दोनच बोटांनी, सूर तोंडानं म्हणत स्केल वाजव. पहिले काही दिवस अडखळशील. मग एखाद्या दिवशी पुढचा सूर बोटाच्या आधी गळ्यात येईल. सोलोची सुरुवात तिथून होते.