ऑपरेशननंतर सारखं ‘लघवीला जायचंय’ असं का वाटतं? भुलेतलं एक औषध कसं मदत करतं?

तळोज्याहून पनवेल, कामोठे किंवा खारघरच्या रुग्णालयात घरच्या कोणाला प्रोस्टेट, मुतखडा किंवा मूत्राशयातली गाठ यासाठी नेलं असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भूल उतरते आणि पेशंट म्हणतो, “मला लघवीला जायचंय.” नळी घातलेली असते, पिशवीत लघवी जमा होत असते, तरी तो ऐकत नाही. पेशंट हट्टी आहे असं नातेवाइकांना वाटतं. पण हा त्रास खराच असतो.

त्रास का होतो?

लघवीची नळी, म्हणजे फोली कॅथेटर, जागेवर राहावी म्हणून तिच्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो. नळी आणि फुगा मूत्राशयाच्या तळाला टोचत राहतात. त्यामुळे मूत्राशयाचे स्नायू आपोआप आवळतात आणि मेंदूला ‘लघवी लागली’ असा निरोप जातो. जोडीला ओटीपोटात दुखणं आणि जळजळ. पुरुषांना आणि जाड नळी (१८ फ्रेंच म्हणजे ६ मिलिमीटर किंवा जास्त) घातलेल्यांना हा त्रास अधिक होतो.

धोका कुठे आहे?

अर्धवट शुद्धीत पेशंट नळी ओढतो. आत फुगा फुगलेला असताना नळी ओढली, तर मूत्रमार्गाला जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

डेक्समेडेटोमिडीन म्हणजे काय?

हे गुंगी आणणारं, म्हणजे शामक औषध आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये आयसीयूतल्या पेशंटसाठी त्याला मान्यता मिळाली. भूलतज्ज्ञ ते ऑपरेशन चालू असताना शिरेतून, पंपाने हळूहळू देतात. ते शांत झोप आणतं, वेदना कमी करतं आणि श्वासावर फारसा परिणाम करत नाही. मूत्राशय आवळायला लावणाऱ्या संदेशांनाही ते काही प्रमाणात अडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

दक्षिण कोरियात मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढलेल्या पेशंटवर अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनदरम्यान हे औषध मिळालेल्यांना नंतरच्या सुरुवातीच्या तासांत नळीचा त्रास कमी झाला.

हा एकच उपाय नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये दाखवलं, की ऑपरेशनच्या तासभर आधी टॉल्टेरोडीनची गोळी दिल्यानेही हा त्रास कमी होतो. या गोळीने तोंड मात्र कोरडं पडतं.

सगळ्यांना देतात का?

नाही. डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते, बीपी उतरतं, गुंगी जास्त वेळ राहू शकते. हृदयाचे ठोके आधीच मंद असतील किंवा वय जास्त असेल, तर विशेष काळजी घ्यावी लागते. निर्णय भूलतज्ज्ञांचाच.

तुम्ही काय कराल?

- हृदयाचे आजार आणि बीपीच्या गोळ्या भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. नळीच्या त्रासावर काय देणार, तेही विचारा.
- ‘जागं झाल्यावर लघवी लागल्यासारखं वाटेल, नळी ओढायची नाही’ हे पेशंटला आधीच समजावा.
- पिशवीत लघवी येणं थांबलं, पोट फुगलं किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर लगेच नर्सला बोलवा. अशा वेळी नळी तुंबलेली असू शकते. त्यावर औषध नाही, नळी मोकळी करणं हाच उपाय.