भिंतीवर चढलेली मैदाने

औंढा नागनाथाचे दर्शन घेऊन परतताना प्रसादाबरोबर देवळाची तसबीर घ्यायची, ही हिंगोली जिल्ह्यातल्या अनेक घरांची रीत. पाहिलेली जागा चित्ररूपाने भिंतीवर टांगण्याची ही हौस जगभर आहे. जागा मात्र प्रत्येकाची वेगळी. अमेरिकेत तो मान बेसबॉलच्या मैदानाने पटकावला.

१८६६ साली न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्‌ज या छापखान्याने होबोकेन गावच्या एलिझियन फील्ड्‌स मैदानाचे चित्र काढले. त्यात आदल्या वर्षीचा, ब्रुकलिनचा अटलांटिक आणि न्यूयॉर्कचा म्युच्युअल या संघांचा सामना रंगला आहे. हा छापखाना चुनखडीच्या दगडावरून काळी रेघ छापायचा आणि रंग हाताने भरायचा: टेबलाभोवती बायका-मुली बसत, एकीने निळा लावायचा, दुसरीने हिरवा. चित्र स्वस्त पडे, म्हणूनच ते साध्या माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचले.

दगडावरची ही छपाई म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळा खेळ. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. शाई फक्त रेघांना धरते. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो.

हेच तंत्र महाराष्ट्रात आले आणि भिंतीवर देव आले, थोर पुरुष आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. तिने रामपंचायतन आणि नाना फडणवीस घरोघरी नेले. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी आणि सरस्वती निघाल्या. मैदान कोणी छापत बसले नाही.

आपल्याकडे मैदाने नव्हती असे नाही. छत्रपती शाहू महाराज १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहून आले आणि कोल्हापुरात खासबाग उभे राहिले: मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही कुस्ती दिसावी अशी. ते १९१२ ला पूर्ण झाले. बोस्टनचे बेसबॉलचे मैदान, फेनवे पार्कही त्याच वर्षी खुले झाले. पण तालमीच्या भिंतीवर मारुतीशेजारी लागतो तो गदा पेललेला मल्ल. खासबाग आलेच तर त्याच्या पाठीमागे.

रिकाम्या स्टेडियमची चित्रे अमेरिकन माणूस आवडीने लावतो, त्यामागे एक दुखणे आहे. ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड १९१३ मध्ये खुले झाले. १९५७ च्या हंगामानंतर तिथे खेळणारा डॉजर्स हा बेसबॉल संघ लॉस एंजेलिसला गेला आणि १९६० मध्ये मैदान पाडून तिथे इमारती उठल्या. बापाने बोट धरून नेलेली जागा आता चित्रातच भेटते. खासबागेत मात्र अजून कुस्त्या लागतात. जिथे जाता येते, तिथल्या आठवणीचा बाजार मांडायला वेळ लागतो.

औंढ्याला हा हिशेब लागू नाही. देऊळ जागेवर आहे, तरी तसबीर विकत घेतली जाते. त्या देवळाच्या तळाचे कोरीव दगडकाम जुने, वरचे शिखर नंतरचे. नंदी मात्र देवळाच्या मागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्यामागची कथा. त्यामुळे समोरून घेतलेल्या चित्रात नंदी येतच नाही. तो पाहायला औंढ्यालाच जावे लागते.