दंडावरचा वण

लस टोचल्यावर दंड लाल झाला, गाठ आली की आज आपण ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणतो आणि डॉक्टरांना फोटो पाठवतो. दोनशे वर्षांपूर्वी हिशेब नेमका उलटा होता. फोड आला नाही तर टोचणं फुकट गेलं असं धरत, आणि आला तर त्याच फोडातून पुढच्या पोराची लस निघे.

आपल्याकडे या वणाचा जन्म मुंबईत झाला. तारीख १४ जून १८०२, मुलगी तीन वर्षांची, नाव अ‍ॅना डस्टहॉल. व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी पाठवलेली देवीची लस बगदादहून बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला आली होती. हिंदुस्थानात ती पहिल्यांदा उठली ती अ‍ॅनाच्या दंडावर. तिच्या फोडातली लस घेऊन मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं. मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. बर्फ नाही, शीतपेटी नाही. वाटेत काचेवर वाळवलेली लस उन्हाने मरायची, म्हणून तिला जिवंत ठेवायची खात्रीची जागा एकच, पोराचा दंड.

हा फोड ठरलेल्या दिवसांनीच चालतो. टोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल पुळी, पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्यात पाणी, मधोमध खळगी. आठव्या दिवशी फोड मोत्यासारखा टपोरा होतो, आतलं पाणी अजून स्वच्छ असतं, भोवतीची त्वचा लाल व्हायला लागलेली असते. लस घ्यायची ती याच सुमाराला. आणखी थांबलं की पाणी गढुळतं, पू होतो, आणि त्या पुवावर भरवसा नाही. दोन-तीन आठवड्यांत काळी खपली पडते आणि खाली वण उरतो.

आता आईच्या जागी उभं राहून बघा. लेकराला ताप आहे, काखेत अवधाण आलंय, आणि टोचणारा म्हणतो, आठव्या दिवशी पोर घेऊन या, फोड फोडून दुसऱ्याच्या पोराला टोचायचंय. शिवाय कुणाच्या जातीच्या पोराच्या अंगातलं पाणी आपल्या पोराच्या अंगात जाणार, हा प्रश्न होताच. देवी काढणाऱ्याला बघून बायका पोरं लपवत, यात नवल ते काय! त्याला नुसता अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

फोड ‘खरा’ कसा ओळखायचा, हा पेच देवीची लस शोधणाऱ्या खुद्द जेनरलाही होता. त्याची लस मुळात गाईच्या फोडांतली, पण गाईच्या सडांवर नाना तऱ्हेचे फोड येतात, सगळेच देवीपासून वाचवत नाहीत. म्हणूनच १७९८ च्या त्याच्या पुस्तकात सारा नेल्म्स या गवळणीच्या हाताचं रंगीत चित्र आहे. तिच्याच हातावरच्या फोडातली लस त्याने १७९६ मध्ये आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली होती. पुढे लंडनच्या देवीच्या इस्पितळातल्या मार्सन नावाच्या डॉक्टरांनी रोग्यांच्या दंडांवरचे वण मोजले. ज्यांच्या दंडावर चार किंवा अधिक ठसठशीत वण, त्यांच्यात मरणारे फारच थोडे, असं त्यांना दिसलं. मग एकाच वेळी चार ठिकाणी टोचायची रीत विलायतेत पक्की झाली.

आपल्याकडे वासराच्या कातडीवर लस वाढवायला लागल्यावर पोराच्या दंडाची सुटका झाली. बेळगावच्या संस्थेत अशी लस बनत असे. टोचायला दातेरी चकती असायची. लशीचा थेंब दंडावर ठेवायचा, चकती त्यावर दाबून फिरवायची. पोर किंचाळायचं आणि जखम मोठी व्हायची. पुढे दुतोंडी सुई आली. दोन टोकांच्या मध्ये थेंब अडकतो, पंधरा वेळा भराभर टोचलं की काम झालं. देवी निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव बाह्या वर करायला लावून वण बघत, कारण कागदाच्या दाखल्यापेक्षा दंडावरचा दाखला पक्का. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर काही वर्षांत ती टोचणी थांबली.

म्हणून आज साठीच्या पुढच्यांच्या हातावर देवीचे मोठे, खोलगट वण दिसतात, आणि विशीतल्यांच्या डाव्या दंडावर दिसतो तो क्षयावरच्या बीसीजी लशीचा लहान वण. या बीसीजीची चाल निराळी, संथ. नवजात बाळाला त्वचेच्या आतल्या थरात टोचतात, तिथे फुगलेला टिपका तासाभरात जिरतो आणि सगळे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी पुळी येते, ती फुटते, कधी पू वाहतो, आणि भरायला दोन-तीन महिने लागतात. आजी हळद घेऊन धावते. नर्सताई सांगते, काही लावू नका, शेकू नका, कोरडं ठेवा. वण उठला नाही तर? पुन्हा टोचायची गरज नाही, असं आजचं शास्त्र सांगतं. अ‍ॅनाच्या काळातल्या डॉक्टरला हे ऐकून धक्काच बसला असता.

वण मात्र अगदीच बिनकामाचा झालेला नाही. लहान मुलांना होणाऱ्या कावासाकी आजारात चार-पाच दिवस ताप उतरत नाही, डोळे आणि ओठ लाल होतात. निदान लवकर झालं नाही तर हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. या आजारात बीसीजीची जुनी, भरून आलेली जागा पुष्कळदा एकाएकी लालबुंद होते. म्हणून तापलेलं बाळ आलं की जाणता बालरोगतज्ज्ञ झबल्याची डावी बाही वर करून बघतो.