नळी, जंतू आणि वऱ्हाडचें ऊन

मूत्रावरोध झालेल्या रुग्णाला नळीनें मोकळें करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत नाडीयंत्रांचे वीस प्रकार सांगितले आहेत. पण नळी मूत्राशयांत दिवसचे दिवस सर्रास राहूं लागली, ती १९३० च्या दशकांत अमेरिकन शल्यवैद्य फ्रेडरिक फोली यांनीं फुग्याची नळी प्रचारांत आणल्यावर. रुग्णाची सोय झाली आणि जंतूंनाही वाट मिळाली.

हे जंतू तोंवर अनोळखी नव्हते. १८८५ सालीं थिओडोर एशरिख यांनीं तान्ह्या मुलांच्या मळांत पाहिलेला जंतू आज ई. कोलाय म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षीं गुस्ताव हाउझर यांनीं दुसऱ्या एका जंतूला, रूपें पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेवरून, ‘प्रोटियस’ हें नांव दिलें. प्रोटियस युरियापासून अमोनिया करतो; मग क्षार सांचून नळी तुंबते.

परंतु जंतू दिसला म्हणजे रोग झाला काय? १९५६ सालीं एडवर्ड कास यांनीं मोजणीचा दंडक घातला: दर मिलिलिटरला एक लाख जंतू. नळीच्या रुग्णास लक्षणें असतील तर एक हजारही पुरे, असें पुढें मानलें गेलें. १९५८ सालीं पॉल बीसन यांनीं नळीच्या सैल वापराविरुद्ध इशारा दिला, आणि १९६६ पासून बंद पिशवीचें महत्त्व पटूं लागलें.

या आंकड्यांना वऱ्हाडांत विशेष जपावें लागतें. अमरावतीस १९८४ सालीं व अकोल्यास २००२ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तरी मेळघाटांतील धारणीहून अमरावतीस येण्यास कांहीं तास जातात, आणि वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत असतो. अर्ध्या तासांत जंतू दुप्पट होतात असें धरलें, तर शंभरांचे तीन तासांत सहा हजार चारशें होतील. रोग रुग्णांत नसून बाटलींत वाढलेला असेल. पण औषध मात्र रुग्णाच्या पोटांत जाईल, आणि अशा फुकट दिलेल्या औषधांस जंतू सरावले कीं खऱ्या प्रसंगीं तीं निकामी ठरतात.

म्हणून नमुना पिशवींतून घेऊं नये. तो दोन तासांत पोहोंचवावा, नाहीं तर थंड पेटींत ठेवावा. ज्वर, वेदना असें कांहीं नसतां केवळ जंतू सांपडले म्हणून औषधाचा आग्रह धरूं नये. आणि रुग्णाच्या आप्तांनीं वैद्यांना रोज एक प्रश्न अवश्य विचारावा: ही नळी आज काढतां येईल काय?