वल्हेकऱ्यांचे आयुर्मान : ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील एक वाद

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या विद्यापीठांचा इतिहास लिहिताना अभ्यासक्रम, परीक्षा आणि धर्मविषयक निर्बंध यांचा विचार पुष्कळ होतो. विद्यार्थ्याच्या शरीराचा क्वचितच. वस्तुतः महाविद्यालयीन नौकासंघांच्या निमित्ताने याच विषयावर तेथे मोठा वाद माजला होता. त्या वादात प्रमाण कशास मानले गेले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील नद्या अरुंद. दोन नौका शेजारी शेजारी धावणे कठीण. म्हणून नौका एकामागे एक सोडावयाच्या व मागच्या नौकेने पुढचीस स्पर्श करावयाचा, अशी महाविद्यालयांच्या शर्यतींची रीत पडली. दोन्ही विद्यापीठांची परस्परांशी पहिली शर्यत १० जून १८२९ रोजी हेन्ली येथे झाली व ती ऑक्सफर्डने जिंकली. १८४५ मध्ये ही शर्यत थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक या सुमारे सव्वाचार मैलांच्या टप्प्यात आली आणि १८५६ पासून ती दरवर्षी होऊ लागली.

या शर्यतींसाठी जी शरीरसाधना केली जाई, तिचा तपशील ऑक्सफर्ड येथील व्यायामशाळेचे चालक आर्चिबाल्ड मॅक्लॅरेन यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. सकाळी सातच्या सुमारास उठणे, न्याहारीस अर्धवट शिजविलेले गोमांस किंवा मेंढीचे मांस, कोरडा भाजलेला पाव व चहा. दुपारी पुन्हा मांस व मोजकी बिअर. सायंकाळी नौका वल्हविणे. रात्री दहास निद्रा. भाजीपाला बेताचा आणि पेये तर मोजूनमापून. या नियमांचे मूळ वैद्यकशास्त्रात नव्हते. मुष्टियोद्धे व पैजेने चालणारे लोक यांच्या तालमीतून ते आले होते. मॅक्लॅरेन यांनी या परंपरागत समजुतींची चिकित्सा आरंभिली, हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय.

१८६७ मध्ये शल्यवैद्य एफ. सी. स्की यांनी ‘टाइम्स’ पत्रातून या शर्यतीवर टीका केली. अशा श्रमाने तरुणांच्या प्रकृतीस कायमची हानी पोहोचते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यास उत्तर दिले ते मँचेस्टरचे वैद्य जॉन एडवर्ड मॉर्गन यांनी. ते स्वतः ऑक्सफर्डचे जुने वल्हेकरी होते. मतास मत न देता त्यांनी गणना हाती घेतली. १८२९ ते १८६९ या काळात विद्यापीठांच्या शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांविषयी, स्वतः त्यांच्याकडून किंवा त्यांच्या आप्तेष्टांकडून, त्यांनी पत्राद्वारे माहिती मिळविली. १८७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ११५ जणांस लाभ झाला, १६२ जणांस काही अपाय झाला नाही, १७ जणांस इजा झाली.

ही गणना पुढे वारंवार प्रमाण म्हणून दाखविण्यात आली. तथापि तीस मर्यादा आहेत. नौकेत निवडले जाणारे तरुण मुळातच धडधाकट असत. त्यांची तुलना सर्वसाधारण जनतेशी करून साधनेचे श्रेय ठरविता येत नाही. शिवाय आपल्या तारुण्यातील पराक्रमाविषयी माणूस स्वतः जी साक्ष देतो, ती निर्विकार असतेच असे नाही. १९३९ मध्ये हार्टली व लुएलिन यांनी १८२९ ते १९२८ या काळातील वल्हेकऱ्यांचे आयुर्मान विमा उतरविलेल्यांच्या आयुर्मानाशी ताडून पाहिले. ही तुलना अधिक काटेकोर होती. आणि तीतही वल्हेकऱ्यांचे आयुष्य घटल्याचे आढळले नाही. स्की यांची भीती यामुळे निराधार ठरते. परंतु साधनेने आयुष्य वाढले, हे मात्र सिद्ध होत नाही.

या वादात एका वर्गाची नोंदच झाली नाही. प्रारंभी काही विद्यार्थ्यांना वल्हविण्याचे शिक्षण धंदेवाईक नावाड्यांकडूनच मिळाले. काठाबाहेर टेकू काढून त्यावर वल्हे ठेवण्याची रचना टाइन नदीवरील धंदेवाईक वल्हेकरी हॅरी क्लॅस्पर याने सुधारली व रूढ केली; १८४६ च्या विद्यापीठ-शर्यतीत ती स्वीकारली गेली. परंतु १८७९ मध्ये हेन्लीच्या नियमांनी कारागीर व मजूर यांस हौशी वल्हेकऱ्यांतून वगळले. विद्यार्थ्याने चार-दोन वर्षे हौसेने केलेल्या श्रमांचा हिशेब झाला. पोटासाठी जन्मभर वल्हे मारणाऱ्याच्या छातीचे काय झाले, हे मॉर्गन यांच्या गणनेत नाही. आकडे विश्वसनीय आहेत काय, एवढेच विचारून इतिहासकाराचे भागत नाही. ते कोणाचे आहेत, हेही त्याने विचारले पाहिजे.